सांध्यातला गंज

गाढवी नदीवर इटियाडोहचा मातीचा बांध १९७० च्या सुमारास पुरा झाला आणि अर्जुनी मोरगावपासून लाखांदूर, वडसा, आरमोरीपर्यंतच्या धानाच्या बांध्यांना पाटाचे पाणी मिळू लागले, हे या टापूत शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. परंतु त्या अफाट जलाशयाने आपल्या काठावरच्या लोखंडाचे काय केले, याची कैफियत कोणत्या सरकारी दप्तरात लिहिलेली माझ्या पाहण्यात नाही. लोखंड तरी इकडे पूर्वी कितीसे होते? नवेगावबांधसारखे तलाव ज्या कोहळी मंडळींनी बांधले त्यांनी माती, दगड आणि जमिनीच्या उताराचे अचूक ज्ञान एवढ्याच भांडवलावर ते बांधले, आणि मातीला गंज चढत नाही. घरांवर कवेलू होते, तेही मातीचेच. पुढे वानरांच्या टोळ्या जंगल सोडून वस्तीत येऊ लागल्या, दरसाल कवेलू फेरता फेरता माणसे मेटाकुटीला आली, आणि एकेका घरावर टिना चढल्या. आता त्याच टिनांवर सोलरचे पॅनल चढू लागले आहेत, आणि त्यांच्याबरोबर जे प्रश्न वर गेले आहेत ते कोहळ्यांना कधी पडले नव्हते.

अशाच एका छपरासंबंधी मामा आणि भाचा यांच्यात जो वाद झाला त्याला मी साक्षी होतो. मामाजी पाटबंधारे खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. कालव्याच्या दरवाजांचे लोखंड, त्यांचे आटे, त्यांना दरसाल द्यावयाचा रंग आणि वंगण यांची मोजमापवही भरण्यात त्यांची सारी नोकरी गेली. भाचा पदविका घेऊन गोंदियाकडे छपरांवर सौर संच बसवण्याची कामे करणारा, हुशार, थोडा उतावळा, आणि मामाजींना मनापासून मानणारा. प्रधानमंत्री सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाल्यापासून ३ किलोवॅटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळते. तेव्हा मामाजींनीही ३ किलोवॅटचा संच घ्यावयाचे ठरवले होते. पॅनल कोणते, इन्व्हर्टर कोणता, याविषयी दोघांत एका शब्दाचाही मतभेद नव्हता. भांडण होते ते पॅनल ज्यावर बसावयाचे त्या सांगाड्याविषयी.

“दीड इंची लोखंडी अँगल वडशाहून आणावे,” मामाजी म्हणाले, “गावच्या वेल्डरकडून चौकट जोडून घ्यावी, तिला रेड ऑक्साइडचे दोन हात आणि त्यावर तेलरंगाचे दोन हात द्यावेत, आणि दर दोन वर्षांनी पुन्हा एक हात फिरवावा. कालव्याच्या दरवाजांना आम्ही याहून निराळे काय केले? तेव्हा तर खरा शेंदूर लागत असे. मारुतीच्या अंगावर जो लेप असतो तोच शेंदूर तेलात कालवून आम्ही लोखंडाला देत होतो. पाण्यात बारा महिने उभे असणारे लोखंड जर रंगावर तगले, तर छपरावर उन्हात वाळत पडलेल्या लोखंडाला तुझ्या अॅल्युमिनियमच्या रेलची राजेशाही कशाला पाहिजे?”

भाचा हसला. “मामाजी, ते दरवाजे रंगावर तगले नाहीत, तुमच्यावर तगले. पाट बंद झाला की तुम्ही दरवाजा वर घेत होता, जुना रंग खरवडून लोखंड उघडे करीत होता आणि मगच नवा रंग देत होता. या छपरावर पॅनल एकदा कसले, की त्यांच्या आणि टिनाच्या मध्ये जेमतेम वीतभर फट राहील. त्या फटीत लांब दांड्याचा ब्रश जाईल, पण खरवडणारा हात जाणार नाही, आणि डोळा तर मुळीच जाणार नाही. पॅनलची हमी २५ वर्षांची आहे. दर दोन वर्षांनी तुम्ही सहाही पॅनल उतरवून ठेवणार आहात काय?”

“मग चौकट उंच कर. कमरेइतकी कर. खालून माणूस रांगत जाईल.”

“माणूस जाईल, आणि वैशाखातले वादळही जाईल. ५४० वॅटचे सहा पॅनल म्हणजे सुमारे १५ चौरस मीटरचे शीड झाले. वजनाची चिंता नाही. एकेक पॅनल २८ किलोच्या आसपास भरतो, सगळे मिळून पावणेदोनशे किलो, ते छप्पर सहज पेलेल. चिंता आहे ती वर उचलणाऱ्या वाऱ्याची. इमारतींच्या मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलेला आहे, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या वर. गच्चीवर काँक्रीटचे ठोकळे घालून उंच मांडव उभारता येतो. टिनाच्या छपरावर तो उभारला तर वादळात मांडव टिनांसकट शेजाऱ्याच्या बांधीत जाऊन पडेल.”

मामाजी क्षणभर थांबले. आयुष्यभर पाण्याचा दाब मोजलेल्या माणसाला वाऱ्याचा दाब समजावून सांगण्याची गरज नव्हती. पण माघार घेणे हा त्यांच्या खात्याचा शिरस्ता नव्हे. त्यांनी आघाडी बदलली.

“बरे, फट वीतभरच राहू दे. पण गंज चढावयाला काही निमित्त तर हवे? रत्नागिरी, मालवण इकडे खाऱ्या वाऱ्याने टिना चाळण होतात हे मी ऐकून आहे. इथे समुद्र कुठला? पावसाळ्याचे चार महिने सोडले तर आपली हवा कोरडी ठणठणीत, मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षे उघड्यावर उभा आहे. त्याला कोणी जस्त चढवले होते?”

लोहस्तंभाचे हे उदाहरण आपल्याकडे वादात हमखास येते, आणि ते देणाऱ्याच्या फारसे उपयोगी पडत नाही. त्या जुन्या लोखंडात फॉस्फरसचा अंश आजच्या लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक आहे आणि त्यामुळे त्याच्या पृष्ठावर एक घट्ट संरक्षक थर धरला गेला, हे कानपूरच्या आय.आय.टी.तील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी विस्ताराने दाखवले आहे. वडशाच्या दुकानातला अँगल त्या जातीचा नव्हे. भाच्याने एवढेच सांगून तो मुद्दा सोडून दिला, आणि कोरड्या हवेच्या मुद्द्याला मात्र त्याने नेटाने हात घातला. माझ्या मते वादाचे मर्म तेथेच होते.

“मामाजी, गंज पावसाने तितका चढत नाही जितका दवाने चढतो. पाऊस धुऊन तरी नेतो. पण पौषात, निरभ्र रात्री, टिन आपली उष्णता आभाळाकडे सोडून देऊन भोवतालच्या हवेहूनही गार पडते, आणि धरणावरून आलेली ओली हवा त्यावर पाणी सोडते. सकाळी पागोळ्या गळताना तुम्ही रोज पाहता. उघड्या टिनावरचे ते पाणी उन्हाबरोबर नऊ वाजेपर्यंत उडून जाते; पॅनलच्या सावलीत, रेलच्या खाली, वायसरच्या कडेला जे थेंब अडकले ते दुपारपर्यंत राहतात. त्यात पारव्यांची विष्ठा, त्यात वाऱ्याने आलेले तणस, त्यात तुमच्या चुलीची राख. आणि राख म्हटली की अॅल्युमिनियमचेही भागत नाही: साध्या पाण्याला ते जुमानीत नाही, पण राखेचे किंवा चुन्याचे अल्कधर्मी पाणी त्याच्या अंगावरचा पापुद्रा खाऊन टाकते. शिवाय तुमचा गोठा याच छपराला लागून आहे. गोठ्यातून उठणारा अमोनिया पॅनल सोसतात की नाही, याची एक वेगळी आंतरराष्ट्रीय चाचणीच आहे. समुद्र नाही म्हणून निर्धास्त राहावे असे हे ठिकाण नव्हे.”

येथपर्यंत दोघेही एकाच धातूविषयी बोलत होते. पण सौर सांगाड्यात धातू एक नसतो. पॅनलची चौकट अॅल्युमिनियमची, छपराची टिन जस्त चढवलेल्या लोखंडाची, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, तार तांब्याची. आणि असे भिन्न धातू ओल्या अवस्थेत परस्परांना टेकले म्हणजे त्यांच्यात एक लहानसा विद्युत्‌घट तयार होतो, ज्यात एक धातू झिजतो आणि दुसरा त्याच्या जिवावर शाबूत राहतो. कोण झिजणार हे आधीच ठरलेले असते: जस्त प्रथम, त्यानंतर अॅल्युमिनियम, त्यानंतर साधे लोखंड; तांबे आणि स्टेनलेस स्टील हे खाणारे, खाल्ले जाणारे नव्हेत. पॅनलने छपरावर एक वीज निर्माण करावी आणि त्याच्या बोल्टाखाली कोणी न मागितलेली दुसरी वीज निर्माण व्हावी, असा हा प्रकार आहे.

ही गोष्ट माणसाला कळली ती समुद्रावर, आणि विजेचा शोध पुरता लागण्यापूर्वी. १७६१ साली इंग्रजी आरमाराने ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या तळाला, लाकूड पोखरणाऱ्या किड्यांपासून रक्षण व्हावे म्हणून, तांब्याचे पत्रे ठोकले. दोनेक वर्षांनी तपासणी झाली तेव्हा पत्रे उत्तम स्थितीत होते आणि ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे जागोजाग खाल्ले गेले होते. परंतु काही खिळे शाबूत निघाले. आणि बारकाईने पाहता असे आढळले की, तांब्याचे पत्रे ज्या खाकी कागदात गुंडाळून आले होते तो कागद त्या ठिकाणी फाडून काढावयाचा राहून गेला होता, आणि लोखंड व तांबे यांच्यामध्ये तोच आड आला होता. कोणा कामगाराच्या हयगयीने राहिलेल्या कागदाच्या तुकड्याने जे साधले ते आज आपण नायलॉनच्या वायसराने आणि रबरी पट्टीने साधतो. पुढे १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही याने उलट बाजूने विचार करून तांब्याला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडले आणि तांबे झिजणे थांबवले. मात्र झिजणे थांबलेल्या तांब्याचा विषारी अंश पाण्यात उतरेनासा झाला आणि जहाजांच्या तळांवर शंख-शेवाळ माजले. रक्षणाचीही किंमत कोठेतरी मोजावी लागते, ती अशी.

हे सगळे मी सांगितले तेव्हा मामाजींनी लगेच प्रश्न केला, आणि तो अत्यंत योग्य प्रश्न होता. “स्टेनलेसचा बोल्ट जर खाणारा, आणि अॅल्युमिनियम खाल्ले जाणारे, तर हा अॅल्युमिनियमच्या रेलमध्ये स्टेनलेसचे बोल्ट का घालतो?”

“कारण बोल्ट एवढासा आहे आणि रेल एवढी मोठी आहे,” भाचा म्हणाला. “खाणारा लहान आणि खाल्ला जाणारा मोठा असला, तर झीज मोठ्या अंगावर पसरते आणि जाणवत नाही. याच्या उलट केले, म्हणजे मोठ्या स्टेनलेसच्या पट्टीत लहान जस्ती बोल्ट घातला, तर सगळी भूक त्या एका बोल्टावर तुटून पडते आणि काही पावसाळ्यांत त्याचा आटा उरत नाही. म्हणून मी म्हणतो, बोल्ट नेहमी भोवतालच्या धातूपेक्षा वरच्या जातीचा पाहिजे. अॅल्युमिनियमची रेल आणि जस्ती टिन हे तर शेजारचेच धातू. त्यांचे आपसांत फारसे वैर नाही, जोपर्यंत टिनावरचे जस्त शिल्लक आहे तोपर्यंत. ते उडाले आणि खालचे लोखंड उघडे पडले, की रेल त्या लोखंडासाठी झिजू लागते. तेवढ्यासाठीच मध्ये रबर पाहिजे.”

“म्हणजे तुझे सगळे शास्त्र अखेर रबराच्या तुकड्यावर येऊन टेकले.”

“हो, टेकले.” भाच्याने ते मोकळेपणाने मान्य केले, आणि मला त्याचे कौतुक वाटले.

मामाजींनी आता तडजोडीचा प्रस्ताव मांडला: अॅल्युमिनियम नको, काळे लोखंडही नको, जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, पाइप घ्यावा. यावर भाचा जे बोलला ते, सौर संच घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक घरमालकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे असे माझे मत आहे. बाजारात जीआय या नावाखाली दोन अगदी भिन्न वस्तू मिळतात. एक, आधीच पातळ जस्त दिलेल्या पत्र्याचा वळवलेला पाइप. अशा पत्र्यावर जस्ताचे प्रमाण दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम असते, म्हणजे एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन. दुसरी, सांगाडा कापून, भोके पाडून, जोडून झाल्यावर वितळलेल्या जस्ताच्या कढईत संबंध बुडवून काढलेली. ५ मिलिमीटर आणि त्याहून जाड लोखंडासाठी भारतीय मानक चौरस मीटरला ६१० ग्रॅम जस्त मागते, म्हणजे सुमारे ८५ मायक्रॉन. गावाकडच्या हवेत जस्त वर्षाकाठी एखादा मायक्रॉन, कित्येकदा त्याहूनही कमी, झिजते. ज्याला भागाकार येतो त्याला पुढचे सांगावे लागत नाही.

“आणि पहिल्या जातीचा पाइप तुमच्या वेल्डरच्या हाती दिला,” भाचा पुढे म्हणाला, “की वेल्डिंगच्या प्रत्येक ठिकाणी जस्त जळून पांढरा धूर होऊन जाते. उरतो तो उघडा सांधा, आणि त्यावर तो चंदेरी रंगाचा एक फटकारा मारतो. दिसावयाला सगळे सारखेच चकचकीत. पहिल्या पावसाळ्यात पाइप तसाच चकाकतो, आणि प्रत्येक सांध्यातून तांबड्या रेघा खाली उतरतात.”

“हे मात्र खरे,” मामाजी म्हणाले. “आमच्याकडेही दरवाजाची पाटी कधी गेली नाही. जात होते ते रिव्हेट.”

त्या एका वाक्याने वादाचा नूर पालटला. मघापर्यंत एक जण रंगाची बाजू घेत होता आणि दुसरा धातूची. पण गंज पाटीच्या मधोमध बसत नाही, तो सांध्यात बसतो, आणि सांध्यात रंगही धड पोहोचत नाही व उत्तम धातूही एकटा पुरा पडत नाही, हे दोघांनाही आपापल्या वाटेने ठाऊक होते.

भाच्याने मग छपराला भोक कसे पाडतो ते सांगितले, आणि येथे त्याचा उतावळेपणा कोठल्या कोठे गेला. नालीदार टिनाला भोक नेहमी उंचवट्यावर पाडावयाचे, नालीत नव्हे, कारण पाणी नालीतून वाहते. स्क्रू खालच्या पर्लिनमध्ये, म्हणजे टिन ज्यावर टेकते त्या आडव्या तुळईत, घुसला पाहिजे. नुसत्या टिनावर विसंबणे म्हणजे वादळाला आवतण. रबरी वायसर इतकाच दाबावयाचा की तो कडेने किंचित फुगावा. पोरे ताकद दाखवावयास जातात, रबर चिरडून बाहेर येते आणि दोन उन्हाळ्यांत तडकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ड्रिलचा कीस. भोक पाडताना लोखंडाचे बारीक, कुरळे, गरम कण छपरावर सांडतात. त्यातले काही टिनाच्या जस्तात किंवा रंगात रुतून बसतात. रात्री दव पडते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ टिनावर तांबड्या ठिपक्यांची रांगोळी उमटलेली असते. मालक म्हणतो टिन खराब निघाली. टिन चांगलीच असते, खाली उतरण्यापूर्वी कोणी मऊ झाडू फिरवला नाही एवढेच. “माझ्या पोरांना मी सांगून ठेवले आहे,” भाचा म्हणाला, “कीस झाडल्याशिवाय शिडीवर पाय ठेवावयाचा नाही. आणि छपरावर ग्राइंडर चालवावयाचा नाही. कापणे असेल ते खाली अंगणात कापा. ठिणगी काचेवर पडली तर काच डागाळते, टिनावर पडली तर तिथे गंज धरतो.”

हे ऐकताना मामाजींच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटले ते त्यांनी शब्दांत व्यक्त केले नाही. पण भाच्याच्या दरपत्रकासोबत एक छापील माहितीपत्रक होते आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘मेन्टेनन्स फ्री’ असे छापलेले होते. त्यावर त्यांनी बोट ठेवले.

“हे काय?”

“म्हणजे देखभालीची गरज नाही. कंपनीचा कागद आहे, मामाजी.”

“जगात देखभालीची गरज नसलेली एकच वस्तू मी पाहिली आहे, आणि ती म्हणजे निकामी झालेली वस्तू. तुझी रेल किती लांब?”

“सहा मीटर.”

“जानेवारीच्या पहाटे दहा अंश, आणि मे महिन्यात टिनाला हात लावला तर फोड येईल, साठ अंश धर. या पन्नास अंशांत तुझे अॅल्युमिनियम किती वाढेल?”

भाच्याने मोबाइलवर हिशेब केला. अॅल्युमिनियमची सहा मीटर रेल सुमारे ७ मिलिमीटर वाढते. खालचे लोखंडी छप्पर तेवढ्याच उष्णतेने साडेतीन.

“म्हणजे उरलेले साडेतीन मिलिमीटर दर उन्हाळ्यात तुझ्या स्क्रूंना इकडे आणि दर हिवाळ्यात तिकडे ओढणार. त्या ओढाताणीत भोक मोठे होणार, वायसर घासला जाणार, जस्त खरवडले जाणार. गंजाला दार उघडून देणारा हा रोजचा नोकर आहे, आणि तुझ्या माहितीपत्रकात त्याचे नाव नाही.”

भाच्याकडे याला उत्तर होते, आणि ते चांगले उत्तर होते: सबंध लांबीची अखंड रेल न घालता प्रत्येक पॅनलच्या कडेखाली हातभर लांबीचे आखूड तुकडे घातले की वाढ नगण्य होते; टिनाच्या छपरासाठी असे तुकडे बाजारात मिळतात. पण मग त्याने अखंड रेल का मांडली होती? कारण ती बसवावयाला सोपी. हे त्याने सांगितले नाही, मी ताडले. मामाजींनीही ताडले असावे, कारण ते गप्प राहिले, आणि अशा वेळी गप्प राहणे हा त्यांचा सर्वांत कडक शेरा असतो.

आता मी स्वतः ते दरपत्रक हाती घेऊन वाचले. पॅनलला एक ओळ, इन्व्हर्टरला एक ओळ, केबलला एक, मीटरच्या कामाला एक, आणि ‘स्ट्रक्चर, पूर्ण संच’ अशी एक. बोल्टांना ओळ नव्हती. वायसरांना नव्हती. रबराला नव्हती. ज्या वस्तूंवर या सगळ्या चर्चेचे ओझे येऊन ठेपले होते त्या वस्तू त्या कागदावर अस्तित्वातच नव्हत्या. आणि हा काही या एका भाच्याचा दोष नव्हे, माझ्या पाहण्यात आलेली बहुतेक दरपत्रके अशीच असतात. ज्याला ओळ नाही त्याची किंमत ठरत नाही, आणि ज्याची किंमत ठरत नाही त्यात प्रथम काटकसर होते, हा हिशेबाचा जुना न्याय आहे. घरमालक पॅनलच्या वॅटवर आणि इन्व्हर्टरच्या नावावर तासन्‌तास घासाघीस करतो, आणि पंचवीस वर्षांचा भरवसा ज्यावर ठेवावयाचा तो मूठभर खुर्दा ठेकेदाराच्या पोतडीतून जसा निघेल तसा पत्करतो. मामाजींच्या रंगापेक्षा मी भाच्याच्या धातूकडे झुकतो, हे उघड आहे. पण भाच्याचा धातू या न लिहिलेल्या ओळीपाशी येऊन अडतो असेही मला वाटते.

मी हे बोलून दाखवताच मामाजींनी चष्मा सावरला, दरपत्रक पालथे घातले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, ज्या अक्षरात त्यांनी वर्षानुवर्षे निविदांच्या शर्ती लिहिल्या असतील त्याच अक्षरात, लिहावयास सुरुवात केली. सबब ठेकेदाराने सर्व बोल्ट, नट व वायसर स्टेनलेस स्टीलचे, ३०४ प्रतीचे, पुरवावेत. अॅल्युमिनियम व टिन यांच्यामध्ये प्रत्येक ठिकाणी रबरी पट्टी घालावी. रेल आखूड तुकड्यांत बसवावी. लोखंडी भाग असल्यास तो जोडकामानंतर जस्तात बुडवलेला असावा आणि मुलाम्याची जाडी मालकासमक्ष यंत्राने मोजून दाखवावी. कीस त्याच दिवशी झाडून काढावा. आणि एकूण रकमेपैकी दहा टक्के रक्कम एक पावसाळा उलटून तपासणी होईपर्यंत अनामत राहील.

“माझीच अनामत?” भाचा म्हणाला.

“परक्याची वीस ठेवली असती.”

मग त्यांनी कागद उलटा केला आणि माहितीपत्रकावरच्या ‘मेन्टेनन्स फ्री’ या शब्दांवर पट्टी लावून सरळ रेघ मारली, आणि खाडाखोडीवर आद्याक्षरे करण्यासाठी पेन भाच्यापुढे धरले. भाच्याने आद्याक्षरे केली. परंतु पेन परत देण्यापूर्वी तो थांबला. “एक राहिले,” तो म्हणाला, “अर्थिंग.” इकडे विजा फार पडतात, तेव्हा सांगाड्याला अर्थिंग हवेच, आणि बहुतेक ठिकाणी पोरे उघडी तांब्याची तार सरळ पॅनलच्या अॅल्युमिनियमच्या चौकटीला पिळून बांधतात. तांबे आणि अॅल्युमिनियम यांची गाठ ही या सगळ्या छपरावरची सर्वांत वाईट गाठ. शिवाय तांब्यावरून ओघळलेले पाणी जस्ती टिनावर जिथे जिथे उतरते तिथे तिथे टिनाला बारीक भोके पाडीत जाते. त्याने आपल्या हाताने शेवटचे कलम लिहिले: अर्थिंगला जस्ती पट्टी, आणि तांब्याची तार घालणे भागच पडले तर कल्हई केलेला लग आणि मध्ये स्टेनलेसचा वायसर.

मामाजींनी ते वाचले, मान डोलावली, आणि विचारले, “आणि वानरांचे काय? पॅनलच्या भोवती मी जाळी लावणार आहे. कोंबड्यांच्या खुराड्याची उरलेली लोखंडी जाळी पडली आहे माझ्याकडे, तीच पॅनलच्या कडेला तारेने आवळून टाकू.”

“लोखंडी जाळी? अॅल्युमिनियमच्या चौकटीला? मामाजी, आपण सकाळपासून बोलतो आहोत ते काय?”

“मग नायलॉनची लाव.”

“नायलॉनची वानर एका दिवसात फाडेल.”

“तर मग जाळी आणि चौकट यांच्यामध्ये रबर घाल,” मामाजी म्हणाले, “आणि त्यालाही एक ओळ दे.”